जावांची बोराटी

बिरोबाच्या देवळामागच्या माळावर बोराटीची, म्हणजे काटेरी रानबोरीच्या झुडपांची, दोन रानं आहेत. मधून ओंजळीएवढ्या दगडांची ओळ गेली आहे. या रानांना जावांची बोराटी का म्हणतात, असं पाहुण्यांनी विचारलं की गावातले म्हातारे म्हाकूतात्या घोंगडी पसरून बसतात आणि मगच सांगतात.

फार मागे म्हणे इथे दोन धनगर भाऊ वेगळे झाले. मेंढरं वाटली, माळही वाटला. थोरल्याची बायको ठकू. बिरोबाच्या जत्रेत ज्या घरची मेंढरं सरस, त्या घरच्या बाईने पहिला भंडारा उधळायचा. तो मान वर्षानुवर्षं ठकूचा होता. एका साली तो धाकट्या जावेला, लगमाला मिळाला. ठकूच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आली तरी तिला भाकर गोड लागेना.

पौष लागला. लगमा मेंढरं पाण्यावर घेऊन गेली, तशी ठकूने कोयता उचलला. जावेच्या बाजूची बोराटी तिने बुडख्यापासून तोडली आणि काटे ओढून आपल्याच मेंढरांच्या वाड्याला कुंपण घातलं. आता खा म्हणावं माती! त्या दिवशी तिला शांत झोप लागली.

पण बोराटीची जात चिवट. चैत्रात तुटल्या बुडख्यांना कोवळे धुमारे फुटले, पाल्याने माळ हिरवागार झाला. ठकूच्या बाजूला मात्र जुनी, जरड झुडपं. त्या साली कुठेच चारा नव्हता. तिची मेंढरं काटे चघळून तोंडं रक्ताळून घेऊ लागली, कोकरं मरू लागली.

लगमाने ओळीतले दोन दगड बाजूला सारले. "अक्का, आना हिकडं तुमची मेंढरं. ज्यानं तोडली त्याचं बिरोबा भलं करो."

ठकूला ते बोल काट्याहून खोल रुतले. पण कोकरांसाठी तिने मान खाली घातली आणि मेंढरं आत सोडली.

पुढच्या पौषात ती कोयता घेऊन गुपचूप आपल्या बाजूला वाकली, तर मागे लगमा उभी.

"अक्का, आधी माझ्या बाजूची तोडा. तुम्ही जळत जळत तोडली की पाला झ्याक फुटतो."

ठकूच्या हातातला कोयता गळून पडला. ही पहिल्यापासून सगळं जाणून होती. मग म्हणे दोघी एकदमच हसल्या, आणि हसता हसता ठकू रडली.

आजही पौषात इथल्या बाया आधी जावेच्या बाजूची बोराटी तोडतात, तेही तिच्याबद्दलची सगळी गाऱ्हाणी मोठ्याने सांगत. एखादी नवी सून मुकाट्याने तोडायला लागली, तर म्हाताऱ्या तिला दटावतात, "अगं, असं गोडीगुलाबीनं तोडलंस तर मेंढरांनी खायाचं काय?"