रखमाजी आणि कोरी चिठ्ठी

पिंपरडोहात रखमाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते करायचा. सांगाल तेच करायचा, हीच पंचाईत.

त्याच्या थोरल्या बहिणीची, भागीआक्काची, किडनी बिघडली. गावच्या डॉक्टर लोणकरबाई म्हणाल्या, "रखमाजी, घरातलं मीठ कमी करा."

रखमाजीने बरणी उघडली. काठोकाठ भरलेली. ती कमी करायला त्याने अर्धी आमटीत ओतली. आक्का एका घासात उठून अंगणात पळाली.

बाई म्हणाल्या, "अहो, बरणीतलं नाही! आक्काच्या पोटात कमी गेलं पाहिजे."

"आत्ता कळलं," रखमाजी म्हणाला. आणि आठवडाभर त्याने आक्काला प्रत्येक गोळी अर्धीच दिली. उरलेली अर्धी कोंबडीला. आक्काचे पाय सुजले. कोंबडी ठणठणीत होती.

"गोळ्या पूर्ण द्यायच्या!" बाई ओरडल्या.

रखमाजीचे डोळे भरून आले. "बाई, पण किडनी बिघडते तरी कशानं?"

बाईंना दया आली. त्या सांगू लागल्या, "किडनीच्या पेशी चरबी जाळून ताकद मिळवतात. प्रत्येक पेशीत चिठ्ठ्या फिरतात. काहींवर प्रथिन बनवायची कृती असते. काहींवर कृतीच नसते. कोऱ्याच म्हणा ना! पण त्या कोऱ्या चिठ्ठ्याच लिहिलेल्या चिठ्ठ्यांना दाबून ठेवतात. हे दाबणं बिघडलं, की पेशींची चूल मंदावते आणि किडनी कडक होत जाते."

"म्हंजे लिहिलेलं दाबून ठेवायचं."

"असंच काहीसं," बाई दमून म्हणाल्या. "आता हे रिपोर्ट शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. डायलिसिस लागेल का, ते तेच सांगतील."

रखमाजी आक्काला घेऊन शहरात गेला आणि खुर्चीत बसला. मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला. रखमाजीने कोरे कागद दिले.

"रिपोर्ट कुठायत?"

"दाबून ठेवलेत."

"कुठे?"

"बुडाखाली. गावापासनं गाडीत बी असाच बसून आलोय."

"उठा!"

"नाही सायेब. मी उठलो तर आजार उठेल."

दोन वॉर्डबॉयनी ओढलं. रखमाजी खुर्चीला चिकटून. शेवटी आक्का म्हणाली, "सायेब, कोरा कागद दाखवा त्याला."

डॉक्टरांनी दाखवला. "यावर हुकूम आहे. उठा!"

रखमाजीने कागद नीट न्याहाळला. मान डोलावली. उठला.

रिपोर्ट वाचून डॉक्टर हसले. "आक्का, डायलिसिस अजून नको. औषधांवर भागेल."

रखमाजी आनंदाने रडला. डॉक्टरांनी चार औषधं लिहिली आणि कागद त्याच्या हातात ठेवला. "हे फार महत्त्वाचं. अजिबात हलगर्जीपणा नको."

"छे छे!" रखमाजी म्हणाला. त्याने कागद खुर्चीत ठेवला आणि त्यावर घट्ट बसला.