उलट्या काचांचा दिवा

खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक नाखवा राहायचा. कामाला वाघ, पण मनानं? अहो, त्याच्या मनात सदानकदा पाल चुकचुकायची! शेजारी हसला तर म्हणायचा, "का हसला असेल?" नाही हसला तर म्हणायचा, "काहीतरी लपवतोय." बायकोनं कालवणात मीठ कमी घातलं तरी याला त्यात डाव दिसायचा. अशा माणसाबरोबर होडीवर कोण टिकणार? एकेक करून सगळे गडी सोडून गेले आणि नाखवा एकटाच समुद्रावर जाऊ लागला.

त्याला एकदा मासळीची एक नामी जागा सापडली. गावाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या अंगाला, लांबवर, एक काळा खडक होता. त्या खडकाच्या पलीकडे जाळं टाकलं की होडी भरून मासळी यायची. नाखव्यानं ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही.

पण थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की दिवस मावळायला तो निघाला की किनाऱ्याच्या कडेकडेनं एक होडी त्याच्या मागं येते. होडी कुणाची? सख्ख्या धाकट्या भावाची!

"माझ्या मागं का येतोस रे?" नाखव्यानं त्याला विचारलं.

"सहज, दादा," भाऊ खाली बघत म्हणाला.

सहज! झालं, एवढ्या एका शब्दानं नाखव्याची झोप उडाली. सहज कुणी कुणाच्या मागं जातं का? जागा हेरतोय मेला. भाऊ झाला म्हणून काय झालं, तोच आधी गळा कापतो, असं म्हणत तो रात्रभर कूस बदलत राहिला.

आता त्या गावात प्रत्येक होडीच्या डोलकाठीवर एक मोठा दिवा असायचा. त्याची डावीकडची काच लाल आणि उजवीकडची हिरवी. त्यामुळे काळोखातही होडी कुठं चालली ते लांबून कळायचं. किनाऱ्याकडून बघणाऱ्याला लाल उजेड दिसला की समजायचं, होडी डावीकडे, खडकाच्या बाजूला चाललीय. हिरवा दिसला की उजवीकडे, घराकडे. आणि मोठा दिवा वाऱ्यानं विझला किंवा फुटला तर अडायला नको, म्हणून जो तो तसाच एक छोटा हातदिवाही जवळ ठेवायचा.

नाखवा दिवे करणाऱ्या बाईकडे गेला. हा पत्रा पातळ नाही ना, तो सांधा गळका नाही ना, असं करत त्यानं दुकानातले सगळे हातदिवे उलटेपालटे करून पाहिले. शेवटी हळूच म्हणाला, "यातल्या काचा उलट्या लावून दे. हिरवी डावीकडे, लाल उजवीकडे."

बाईचे डोळे बारीक झाले. "कुणाला चकवायचंय?"

"तुला काय करायचंय?"

"मग मीही करायची नाही. त्या दिव्याच्या भरवशावर समोरची माणसं होडी हाकतात, नाखवा. असलं काम माझ्या हातून होणार नाही."

नाखव्यानं साधाच दिवा विकत घेतला आणि घरी येऊन, दार लावून, स्वतःच काचा उलट्या बसवल्या.

त्या संध्याकाळी खडकाकडे जाताना त्यानं मोठ्या दिव्यावर गोणपाट टाकलं आणि होडीच्या टोकाला हातदिवा टांगला. होडी चालली होती डावीकडे, पण किनाऱ्याकडून दिसत होता हिरवा उजेड! भावाची होडी थोडा वेळ थांबली आणि मग मुकाट गावाकडे वळली.

"बनवलं की नाही लेकाला!" नाखवा एकटाच मांडीवर थाप मारून हसला. मग रोज हेच चाललं. भाऊ यायचा, हिरवा दिवा बघायचा आणि परत जायचा.

एक दिवस मात्र निघाल्या निघाल्याच हातदिवा विझला आणि खडकापाशी पोचता पोचता वारा फिरला. होडी खडकावर आदळली, सुकाणू तुटलं, डोलकाठी मोडून मोठ्या दिव्यासकट पाण्यात गेली. फळ्यांच्या फटींतून पाणी आत येऊ लागलं. नाखव्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण हातदिवा शाबूत होता! त्यानं घाईघाईनं तो पेटवला आणि पुन्हा होडीच्या टोकाला अडकवला. किनाऱ्याच्या कडेला भावाची होडी अजून दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला बघून नाखव्याला बरं वाटलं.

"धाकट्या! अरे ये रे! बुडतोय मी!" तो जीव खाऊन ओरडला. वाऱ्यानं त्याचा आवाज उलटा त्याच्याच तोंडावर आणून टाकला.

भावाची होडी थोडा वेळ थांबली आणि गावाकडे वळली.

तेव्हा कुठं नाखव्याला आठवलं, की आपण कोणता दिवा लावलाय. त्यानं झडप घालून दिवा काढला, फिरवून उंच धरला, लाल उजेड दाखवला, रडला, देवाचा धावा केला. पण आता मागं वळून बघणारं कुणी नव्हतं.

सकाळी भाऊ शोधत आला, तेव्हा नाखवा खडकाला खेकड्यासारखा चिकटून होता. होडी गेली होती, जाळी गेली होती, अंग सोलवटून निघालं होतं. भावानं ढसाढसा रडतच त्याला उचलून आपल्या होडीत घेतलं.

"दादा, काल मला तुझा हिरवा दिवा दिसला रे! मी जाऊन वहिनीला सांगितलं, ताट वाढ, दादा येतोय. ती रात्रभर त्या ताटापुढं बसून होती."

"तू रोज मागं का यायचास?" नाखव्यानं कसंबसं विचारलं.

"तू एकटा जातोस ना. वहिनीनंच सांगितलं होतं, घराकडे वळलेले दिसेपर्यंत त्यांना नजरेआड करू नका. तुला कळलं असतं तर तू चिडला असतास."

नाखव्याला हुंदका आवरेना. "दिवा मीच उलटा केला होता रे. वाटलं, तू माझी जागा हेरतोयस."

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, माझ्या होडीत कधी जाळं तरी दिसलं का तुला?"

आता याचं तात्पर्य काय, तर संशयापायी आपल्याच माणसांना खोटी खूण दाखवू नये. आपण खरंच बुडत असतो, तेव्हाही ती बिचारी त्याच खुणेवर विश्वास ठेवून घरी निघून जातात.