महाराजांच्या वजनाचा पूल

"लाकूड नाही, लोखंड नाही, दगड नाही! या दालनात जे पडलंय त्यातूनच पूल बांधा!" साडेतीन मण वजनाचे गजेंद्रमहाराज गरजले. "सिंहासनापासून त्या चौथऱ्यापर्यंत, पाच पावलांचा. वरून मी चालणार, खालून माझी मांजर जाणार. आणि माझ्या आसनांना, पडद्यांना हात लावाल तर याद राखा!"

खडकगड संस्थानात इंजिनिअरची एकच जागा होती आणि आज उमेदवारांना जोखायचा दिवस. उमेदवार पाच. त्यातले चौघे शहरात खास शिकवणी लावून आलेले. नमस्कार किती वाकून, हसू किती रुंद, सगळं पाठ! पाचवी तुळसा, तांबटाची लेक. पदवी हातात घेऊन तीन वर्षं तिने अर्ज केले होते आणि उद्या तिची वयाची मर्यादा संपत होती. आज नाही तर कधीच नाही!

तिने तयारी केली होती ती एवढीच, की काल ती कचेरीत चौकशीला गेली होती.

"रावसाहेब, माझ्या आधीच्या अर्जांचं काय झालं?"

"विचार चालू आहे," पान चघळत कारकून म्हणाला.

तुळसाने खाली पाहिलं. तिचा पहिलावहिला अर्ज गुंडाळी होऊन टेबलाच्या तुटक्या पायाखाली उभा होता! वर टेबल, टेबलावर दप्तरं, दप्तरांवर कारकुनाची कोपरं. अर्ज मात्र जागचा हलत नव्हता.

आता इकडे दालनात चौघांची जुंपली होती.

"नेतृत्व मी करतो!"

"मग मी काय करू?"

"तूही नेतृत्वच कर, पण माझ्या हाताखाली!"

तुळसाने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पुठ्ठ्यांत घालून लाल फितीने बांधलेले कागदांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते.

"दिवाणजी, हे काय?"

"नोकरीचे अर्ज. सात वर्षांचे."

"वाचलेत?"

दिवाणजी नुसतेच खोकले.

"मग घेते!"

पत्रा आडवा धरला तर वाकतो, गुंडाळून उभा केला तर माणूस पेलतो, हे ती बापाच्या भट्टीपाशी लहानपणीच शिकली होती. कागद काय वेगळा? "अहो पुढारी, भांडणं पुरे! गुंडाळा!" चौघे निमूट खाली बसले. तुळसाने गुंडाळ्यांच्या जुड्या लाल फितीने करकचून बांधल्या, अंतराअंतराने उभ्या केल्या आणि त्यांवर पुठ्ठ्यांच्या चळती टाकल्या.

मांजर खालून गेली. महाराज वर चढले. एक पाऊल. दुसरं. दिवाणजींनी डोळे मिटले. मधोमध थांबून महाराजांनी चक्क उडी मारली! पूल हूं की चूं करेना.

"अगं, हा कागद आहे तरी कसला?"

"ज्यांची आपण दखलही घेतली नाहीत त्या पोरांचे अर्ज, महाराज! आज त्यांच्याच जिवावर उभे आहात!"

दरबाऱ्यांनी महाराजांकडे पाहिलं. मग महाराजांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते असे खदखदून हसले की मांजर पळाली.

"दिवाणजी! पोरीला नेमणूकपत्र द्या! आत्ता!"

"पण महाराज, नियमाप्रमाणे आधी तिचा अर्ज..."

"तो मिळेल," तुळसा म्हणाली. "पहिला कचेरीत टेबल सांभाळतोय. यंदाचा मीच या पुलात बांधलाय, हवा असेल तर महाराजांनी डावा पाय उचलावा!"

हसून हसून डोळे पुसत महाराज खाली उतरले. त्यांनी स्वतःच्या हाताने ती गुंडाळी ओढून काढली आणि तिच्यावरच सही ठोकली.

"आजपासून तू संस्थानची इंजिनिअर! आणि दिवाणजी, उरलेले अर्ज तुम्ही वाचायचे. सगळे! उभ्याने!"