गेलेल्या पारख्याची वाटी

फार फार वर्षांपूर्वी फ्रान्स देशात द्राक्षमळ्यांचं एक गाव होतं. लहानथोर सगळे ऐका, आणि भीती वाटली तर वाटू द्या, मला सांगतानाही वाटते.

गावाची वाइन तळघरात, लाकडी पिंपांत मुरायची. ती झाली की नाही, हे ठरवायचा पारखी. त्याच्या गळ्यातल्या साखळीला चांदीची उथळ वाटी असायची. मेणबत्तीच्या उजेडात तो वाटीत वाइनचा रंग बघायचा, घोट तोंडात घोळवून थुंकायचा आणि मगच निकाल द्यायचा. पारखी वारला, की त्याची वाटी त्याच्याबरोबर पुरायची. ही रीत कुणी मोडत नसे.

म्हातारा पारखी गास्पार वारला. त्याच्या जागी आला त्याचाच शिष्य लेओनार. जीभ चांगली तयार झालेली, पण स्वतःवर भरवसा म्हणाल तर नावाला नाही. आपण चुकलो तर गाव हसेल, या धास्तीनं त्यानं शवपेटी बंद होण्याआधी गुरूची वाटी हळूच अंगरख्यात लपवली.

पहिल्याच पिंपाशी त्यानं वाटी भरली. ओठांना लागायच्या आधीच तिच्यातली वाइन घोटभर कमी झाली, आणि लेओनारच्या तोंडून गास्पारचा घोगरा आवाज आला, "अजून दोन वर्षं मुरू दे."

निकाल बिनचूक होता. जाणत्यांनी माना डोलावल्या. लेओनारच्या अंगावर काटा आला खरा, पण वाहवा ऐकून तो विसरलाही. माणसाची जातच तशी, काय करता.

वर्षभर असंच चाललं. वाटीची कड रोज त्याचे ओठ टेकायच्या आधीच ओली असायची.

एके दिवशी त्याची बायको ओदील जेवताना त्याच्याकडे बघतच राहिली. सूपमध्ये चुकून दोनदा मीठ पडलं होतं. तिला एक घोट गिळवेना आणि हा मुकाट्यानं वाडगा संपवत होता. तिनं खोदून विचारलं, तेव्हा त्याला रडू फुटलं. कित्येक महिन्यांत त्याला कशाचीच चव लागली नव्हती. वाटीचंही त्यानं सांगून टाकलं.

दोघांनी भरदुपारी थडगं उघडलं. गास्पारचा देह सुकून काष्ठ झाला होता. ओठ मात्र ओले होते, यंदाच्या वाइननं लालभडक. लेओनारनं वाटी त्याच्या छातीवर ठेवली आणि माती लोटली.

घरी येऊन ओदीलनं मातीचा पेला वाइननं भरून त्याच्या हातात दिला. डोळे मिटून तो घोट कितीतरी वेळ घोळवत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "ओदील, ही वाइन आहे की पाणी?"

तिनं पेला त्याच्या हातातून अलगद काढून घेतला.

तात्पर्य: चुकण्याच्या भीतीनं जो दुसऱ्याच्या जिभेनं चव घेतो, त्याची स्वतःची जीभ कायमची मरते.