हंड्याचं सुतक

पाहुणे, माळावर आज सकाळी नाण्यांचा हंडा निघाला म्हणून तुम्ही पेढे मागताय, पण आमच्या कोळंबवाडीत जुनं धन निघालं की सुतक धरतात. हसू नका. मी भिवा गुरव, इथला पुजारी. माझ्या हयातीत दोनदा धरलंय, हे तिसरं.

म्हणे फार पूर्वी यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, माल बंदरातून या घाटाने वर यायचा. तो बैलांवर वाहणारा धमा आमच्याच गावचा. मजुरीत त्याला चांदीची नाणी मिळत, एका बाजूला कुरळ्या केसांचा राजा, दुसऱ्या बाजूला घोडा. मग मुलखात बंडाळी माजली. लुटारू घाट चढू लागले, तेव्हा लोकांनी होतं नव्हतं ते गाडग्यांत घालून माळावर पुरलं आणि बाप्ये घाट अडवायला निघाले. धम्याने बायकोला, नागीला, जागा दाखवली आणि म्हणाला, "मी आल्यावर दोघं मिळून काढू."

जे परतले त्यांनी आपापली गाडगी उकरली. माळभर खड्डे पडले. जे परतले नाहीत त्यांच्या जागा, त्यात नागीचीही, तशाच राहिल्या. बारा वर्षं लोटली. जाणत्यांनी सांगितलं, पळसाच्या पानांचा पुतळा कर, त्याला अग्नी दे, मोकळी हो. तिने ऐकलं नाही. दुष्काळात कंदमुळं खाऊन राहिली, पण गाडग्याला हात लावला नाही.

"ते काढलं तर तो गेला असं होईल," एवढंच म्हणायची.

म्हातारी होऊन ती गेली, तेव्हा तिच्या क्रियाकर्मासाठी गावाने गाडगं काढलं. नाण्यांवर धम्याचा ताईत ठेवलेला होता. गळ्यात ताईत नसेल तर त्या काळी कुणी घाट उतरत नसे. आपण परत येत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. बाई, हे घे, पोटाला खा, वाट बघू नकोस, हेच सांगायला त्याने तो ठेवला. आणि तोंडाने मात्र भलतंच बोलून गेला. मला अजून राग येतो त्याचा. गावाने त्या दिवशी दोघांचं सुतक एकदम धरलं, असं सांगतात.

आजही माळावर गाडगं निघालं की नाणी सरकारात जमा होतात आणि सारं गाव उशिरा कळलेल्या मरणाची आंघोळ करतं. धनी परतला असता तर त्याने ते काढून नेलं नसतं का? आजच्या हंड्याचा धनी कोण, ठाऊक नाही. त्याचीही कुणी वाट बघितलीच असेल. गावात चूल पेटलेली नाही, तेव्हा चहा मिळायचा नाही, रागावू नका.