नवे ब्रेक धरेपर्यंत

“मग त्याला काय सांगू? आल्या पावली परत जा म्हणून?”

गोविंदगिरी महाराजांनी विचारलं, तेव्हा सयाजी मठाच्या मोटारसायकलपाशी उकिडवा बसला होता. पुढच्या चाकाला ब्रेकची नवी डिस्क आणि नवे पॅड त्यानं नुकतेच चढवले होते. मान वर न करता तो म्हणाला, “हो. तसंच सांगा.”

ओसरीवर त्याचा धाकटा भाऊ बसून होता, दिग्विजय. थोरल्याला घरी न्यायला आला होता बिचारा. दोन वर्षांपूर्वी दोघांच्या गॅरेजात बाचाबाची झाली आणि रागाच्या भरात सयाजीनं त्याला पाना फेकून मारला. दिग्विजयच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. तेव्हापासून सयाजी घाटमाथ्यावरच्या या मठात तोंड लपवून राहिला होता.

“राग गेला म्हणतोस ना?”

“गेला, महाराज. दोन वर्षांत तोंडून एक वावगा शब्द गेला नाही. कुणालाही विचारा.” सांगताना स्वारीची मान जरा ताठ झाली होती.

“इथं तुझ्याशी भांडलं कोण?”

सयाजीनं आवळलेलाच नट पुन्हा आवळला.

“बरं, राहू दे. चावी आण. मला घाटाखाली सोड.”

“आज नको, महाराज! ब्रेक नवे आहेत.”

“अरे, नवे आहेत तर उत्तमच की.”

“नवे म्हणूनच धरत नाहीत. डिस्क आणि पॅड अजून एकमेकांना नीट लागलेले नाहीत. आधी इथं माथ्यावर, सपाट रस्त्यावर फिरवायची. वेग घ्यायचा, बेतानं ब्रेक दाबायचा, गाडी पार थांबायच्या आत सोडून द्यायचा. जरा गार होऊ द्यायचं, की पुन्हा तेच. घासून घासून जुळतात दोघं. मग खुशाल घाट उतरा.”

“आणि नुसती झाकून ठेवली तर? वर्ष, दोन वर्षं?”

“छे! झाकून ठेवून कधी ब्रेक...”

 बोलता बोलता सयाजीची नजर ओसरीकडं गेली. दिग्विजय पाण्याचा तांब्या उचलत होता, डाव्या हाताचा आधार देऊन. 



“भीती वाटते, महाराज,” शेवटी सयाजी म्हणाला.  “राग गेला की नाही, मलाच ठाऊक नाही. पुन्हा हात उठला तर...?”

महाराज उठले. ओसरीवर जाऊन त्यांनी दिग्विजयला हाताला धरून गाडीपाशी आणलं आणि मागच्या सीटकडं बोट दाखवलं.

“दादा...” दिग्विजय एवढंच म्हणाला आणि मागं बसला.

सयाजीनं गाडी सुरू केली. समोर माथ्यावरचा सपाट, मोकळा रस्ता होता. तरी त्यानं क्लच सोडला नाही. तो महाराजांकडं वाकला आणि भावाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला,

“वाटेत ह्यानं त्या पान्याचा विषय काढला तर?”

महाराज गाडीपुढून बाजूला झाले.

“नाही काढला, तर तू काढ.”