बरोबरची खूण

खाडीकाठच्या एका गावात हेमांगी नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा दिगंबर मालवाहू जहाजावर खलाशी होता. तो जहाजावर गेला तेव्हा त्यांची मुलगी दुर्वा चार महिन्यांची होती, नुकती कुशीवर वळायला लागली होती. आता ती सव्वा वर्षाची झाली होती आणि भिंत धरून चालत होती.

गावाला डोंगर आडवा असल्यामुळे मोबाईलला रेंज नव्हती. वायरचं नेट मात्र आलं होतं. म्हणून जाण्याआधी दिगंबरने एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर छोटा कॅमेरा बसवला आणि बायकोला तो चालवायला शिकवला. जहाज बंदराला लागलं की तो त्यावरच फोन करायचा. त्याला दहा मिनिटं मिळायची. मग पुन्हा तीन-तीन आठवडे नुसतं पाणी.

त्या दहा मिनिटांवर हेमांगी बाकीचे दिवस काढायची. तिला एकच काळजी होती. पोर बापाला विसरली तर? ती रोज दुर्वाला दिगंबरचा फोटो दाखवायची आणि विचारायची, "बाबा कुठंय?" दुर्वा फोटोकडे बोट दाखवायची. मग तेच बोट कॅलेंडरवरच्या देवाकडे जायचं, आणि मग चहाच्या डब्यावरच्या पागोटेवाल्याकडे. सासूबाई हसायच्या. हेमांगीला हसू यायचं नाही.

दुर्वाला शब्द एकच येत होता. सासूबाई सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना "ये ये ये" म्हणायच्या, तो तिने उचलला होता. कोंबडीला ये, मांजराला ये, उंबऱ्यात पडलेल्या उन्हालाही ये.

दिगंबरशी बोलताना हेमांगीला काही सुचायचं नाही. दहा मिनिटं "जेवलात का" आणि "जपून राहा" यातच संपायची. खरं सांगायचं ते नंतर चुलीपाशी आठवायचं. म्हणून तिने ठरवलं, आठवेल तसं मराठीत लिहून ठेवायचं आणि त्याला पाठवायचं. त्यासाठी तिने मराठी टाइप करायचा एक फुकट प्रोग्राम कॉम्प्युटरवर घेतला.

प्रोग्राम बसताना एक चौकट आली. सगळं इंग्रजीत होतं. हेमांगी सातवीपर्यंत शिकलेली. अक्षरं तिला यायची, पण वाक्य पुरं होईपर्यंत दम लागायचा. तिने पाहिलं तर खाली चार बारीक ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती.

बरोबरची खूण तिच्या चांगली ओळखीची होती. शाळेतल्या मुळये बाई वहीत लाल शाईने तीच करायच्या. खूण झाली म्हणजे तपासून झालं, आता त्यात हात घालायचा नाही. सात वर्षांत हेमांगीने अशी एकही खूण खोडली नव्हती. आताही खोडली नाही. पुढे, पुढे, पुढे असं दाबत गेली आणि झालं म्हणाली.

मराठी टाइप होऊ लागलं. पण त्याच्यासोबत चारजण आणखी आले. एक हवामान सांगणारा, एक साड्यांच्या जाहिराती दाखवणारा. बाकीच्या दोघांचं काम काय ते कळलंच नाही. घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात त्यांची बारकी चित्रं ओळीने बसली. त्यातल्या प्रत्येकाने पुढे आपापली माणसं आणली. चौकट यायची, खूण आधीच केलेली असायची, हेमांगी हो म्हणायची. दारात उभ्या माणसाला नाही म्हणायची तिला लहानपणापासून सवयच नव्हती.

कॉम्प्युटर हळूहळू मंद झाला. सुरू केला की चहा उकळून होईपर्यंत नुसता घुरघुरायचा. एक दिवस चौकट आली, "तुमचा कॉम्प्युटर थकला आहे. साफ करू?" हेमांगीला बरं वाटलं. कुणीतरी विचारपूस केली. ती हो म्हणाली. तो साफ करणारा आत आला आणि सगळ्यांत मोठी जागा अडवून बसला.

सासूबाई म्हणाल्या, "काय गो, त्या डब्यात राहतात तरी किती जण? आमच्या लग्नातसुद्धा एवढं वऱ्हाड नव्हतं."

"असू दे ना, आई. काही मागत तर नाहीत," हेमांगी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी चार वाजता दिगंबरचा फोन यायचा होता. हेमांगीने दुर्वाला हिरवं झबलं घातलं, काजळ लावलं आणि तीनपासूनच कॉम्प्युटर सुरू करून ठेवला. चार वाजता फोन वाजला. तिने उचलला, पण पडदा काही उघडेना. वर हवामानवाला आला, "आज ऊन पडेल." त्याच्यावर साड्या आल्या. त्यांच्यावर साफ करणारा आला. त्या सगळ्यांच्या मागून दिगंबरचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येत होता.

"हेमा… दुर्वा चालते का… दिसत नाही गं… काहीच दिसत…"

आणि नेमकी तेव्हाच दुर्वाने भिंत सोडली. बाकापासून टेबलापर्यंत ती एकटी आली. एक, दोन, तीन, चार. हेमांगी ओरडली, "अहो, बघा, बघा हो!" पण ते ऐकायला तिकडे कुणी नव्हतं. आवाज बंद झाला होता. पडद्यावर साड्या तेवढ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर त्याचं एका ओळीचं पत्र आलं. "चालली का? पुढचं बंदर बावीस दिवसांनी."

हेमांगीने ते "चालली का" दोनदा वाचलं. उत्तर लिहायला तिचा हात होईना. पहिली पावलं काय कागदावर लिहून पाठवायची असतात?

ती उठली आणि मुळये बाईंकडे गेली. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण परदेशातल्या नातवंडांशी बोलायला म्हणून कॉम्प्युटर शिकल्या होत्या. हेमांगीचं ऐकून त्या छत्री घेऊन लगेच निघाल्या. कॉम्प्युटरसमोर बसल्या, चष्मा पुसला आणि कोपऱ्यातली ती रांग पाहून म्हणाल्या, "अगं, हे सगळे कुणी बसवले?"

"मी नाही, बाई. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं."

"वाचून?"

हेमांगीने मान खाली घातली. "बरोबरची खूण आधीच केलेली होती. मला वाटलं, कुणीतरी तपासलं असेल."

बाई हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं.

"हेमांगी, मी खूण कधी करायचे?"

"वही वाचल्यावर."

"मग ह्यांनी तुझी वही वाचली का? तुझी दुर्वा चालायला लागली, तुझा नवरा पाण्यावर आहे, यातलं काही वाचलं का? न वाचता खूण करतो तो मास्तर कसला? आणि तू माझी विद्यार्थिनी असून त्याची खूण पाळत बसलीस!"

हेमांगीचे कान लाल झाले. सासूबाई चहा आणताना दारातूनच म्हणाल्या, "बाई, अजून दोन शब्द बोला. माझं तर ऐकतच नाही."

मग बाईंनी यादी उघडून दाखवली. कोण कोण घरात राहतंय ते त्यात लिहिलेलं होतं. अकराजण निघाले. बाई म्हणाल्या, "काढायचं तूच. मी हात लावणार नाही." एकेकाचं नाव अक्षर अक्षर लावून वाचायचं, याला आपण बोलावलं होतं का ते आठवायचं, आणि नसेल तर काढायचं. मराठी टाइप करणारा तेवढा राहिला. दहाजण जायचे ठरले.

नऊ गेले. साफ करणारा उरला. त्याला काढायला गेल्यावर एक रडवेला चेहरा आला आणि खाली ओळ आली. बाईंनी ती मराठीत सांगितली, "तुम्ही खरंच निघालात? आम्हाला तुमची फार आठवण येईल."

हेमांगीचा हात थांबला. हे वाक्य ऐकायला अकरा महिने तिचा जीव आसुसला होता. दिगंबर असं बोलणारा नव्हता. तो आपला "जेवलीस का" एवढंच विचारायचा.

"बाई, बिचारा आठवण येईल म्हणतोय."

"कुणाची आठवण, ते विचार त्याला. तुझं नाव दिसतंय का कुठे?"

हेमांगीने चौकट वरपासून खालपर्यंत पाहिली. तिचं नाव कुठेच नव्हतं. "राहू द्या" हे बटण मोठं आणि हिरवं होतं. "काढा" हे बारीक आणि फिकट होतं. तिने बारीक बटण दाबलं. चेहरा गेला.

बावीस दिवस गेले. कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. दुर्वा आता अंगणभर फिरत होती. रोज एक नवी गंमत आणि रोज ती बघायला एक माणूस कमी.

तो दिवस आला. फोन वाजला आणि त्याच क्षणी मराठी टाइप करणाऱ्याची चौकट मध्ये आली. नवं काहीतरी आलं होतं आणि सोबत आणखी दोन गोष्टी होत्या. दोन्हींपुढे बरोबरची खूण. फोन वाजत होता. घाईत हो म्हटलं असतं तर चौकट लगेच गेली असती. पण हेमांगी थांबली. तिने दोन्ही ओळी वाचल्या आणि दोन्ही खुणा आपल्या हाताने पुसल्या. जणू बाई मागे उभ्या होत्या. मग तिने "नाही" दाबलं आणि फोन उचलला.

पडदा उघडला. दिगंबर दिसला. दाढी वाढलेली, गाल बसलेले, पण सगळा दिसला.

दुर्वा मात्र आईच्या पदराआड लपली. हेमांगी म्हणाली, "अगं, बाबा बघ ना, बाबा!" दुर्वाने तोंड आणखीच खुपसलं. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहू दे गं," दिगंबर म्हणाला. "नको जबरदस्ती करू. ओळखीचा नाही मी तिच्या. जेवलात का सगळे?"

आठ मिनिटं गेली. नऊ गेली. दिगंबरने घसा साफ केला आणि निघताना म्हणतात तसं म्हणाला, "बरं. येतो."

पदर हलला. दुर्वाने त्यातून डोकं बाहेर काढलं. त्यातला "ये" तिच्या कामाचा होता. ती पुढे आली, कशालाही न धरता, पडद्यापर्यंत. हात उघडझाप करत म्हणाली, "ये. ये ये ये."

दिगंबर नुसता बघत राहिला, आणि बघता बघता वेळ संपला.

पडदा काळा झाला. घड्याळाशेजारचा कोपरा रिकामा होता. दुर्वा अजून हात हलवत उभी होती आणि हेमांगीने तिला थांबवलं नाही. जहाजाचे सात महिने अजून बाकी होते.

तात्पर्य: आपल्या नावाने दुसऱ्याने केलेल्या खुणेला न वाचता हो म्हणू नये, कारण न बोलावलेल्यांनीच घर भरलं, तर ज्याला "ये" म्हणायचं त्याला आत यायला वाट उरत नाही.